फुफ्फुसाचा कॅन्सर आणि ‘ओढायचे का?’ हा प्रश्न : रुग्णाच्या मनातला अपराधभाव हलका करण्यासाठी काय करावं

स्तनाचा किंवा रक्ताचा कॅन्सर झाल्याचं कळलं की समोरचा आधी हळहळतो. फुफ्फुसाचा म्हटलं की हळहळीच्या आधी प्रश्न येतो, ‘सिगारेट ओढायचे का?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट असेलच असं नाही. पण रुग्णाला त्यातून एकच गोष्ट ऐकू येते : तुझं तूच ओढवून घेतलंस. हा प्रश्न शेजारी विचारतात, सोयरे विचारतात, केमोच्या रांगेत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. काही महिन्यांत रुग्ण तो स्वतःलाच विचारू लागतो, आणि खरा त्रास तिथून सुरू होतो.

हा त्रास मनापुरता राहत नाही. लाज वाटणारा माणूस खोकला लपवतो आणि रक्त पडलं तरी सांगत नाही. वेदना ‘माझी शिक्षा’ समजून सोसतो, मॉर्फिन नको म्हणतो, तपासणीची तारीख चुकवतो. म्हणून मनाचा आधार हा उपचाराचाच भाग धरायला हवा. हा लेख रुग्णासाठी आहे, त्याच्याबरोबर दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्या घरच्यांसाठी आहे आणि समुपदेशनाचं काम नव्याने करणाऱ्यांसाठीही आहे.

बोल नेमका कशाचा लागतो

आपल्याकडे तीन वेगळे बोल एकत्र येतात, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. त्यामुळे आधी आपल्या रुग्णाला कुठला बोचतोय ते ओळखा.

पहिला व्यसनाचा. ‘केलं ते भोगतोय.’

दुसरा संसर्गाचा. खोकला, वजन घटणं, एक्स-रेवर डाग ही लक्षणं टीबीसारखीच असतात. कितीतरी रुग्णांना कॅन्सरचं निदान होण्याआधी काही आठवडे, कधी महिने टीबीची औषधं दिलेली असतात. गावात तेव्हा झालेली ‘टीबी आहे’ ही बातमी निदान बदलल्यावरही पुसली जात नाही. ताट-पेला वेगळा होतो, नातवंडं लांब ठेवली जातात, भाड्याची खोली मिळत नाही. कॅन्सर संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवण्याने, जवळ झोपण्याने, मिठी मारण्याने तो होत नाही. हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून सगळ्या घरासमोर एकदा वदवून घ्या. मुलाने सांगितलेलं आजी ऐकत नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकते. मात्र रुग्णाला खरोखर टीबीही असेल, तर टीबीची काळजी वेगळी घ्यावी लागते. ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

तिसरा मरणाचा. ‘फुफ्फुसाचा ना? मग कशाला पैसे घालवता?’ हे रुग्णाच्या देखत बोललं जातं.

बाईला हा आजार झाला की आणखी एक कुजबुज सुरू होते, ‘हिला कसा झाला? चोरून ओढत असेल.’ इथे माहिती उपयोगी पडते. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं. चुलीचा धूर, दुसऱ्याच्या विडीचा धूर, ॲस्बेस्टॉस, सिलिकाची धूळ, जमिनीतून येणारा रेडॉन वायू, आनुवंशिकता अशी कारणं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये आणि बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला २०१३ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत, विशेषतः न ओढणाऱ्यांत, ईजीएफआर या जनुकातला बदल सापडतो आणि त्यावर रोज घ्यायच्या गोळ्या आहेत.

पण ही माहिती वापरताना एक मोठी चूक होते. ‘आमच्या आईने आयुष्यात विडीला हात लावला नाही’ हे वाक्य ढालीसारखं पुढे केलं जातं. बोलणाऱ्याचा हेतू आईला वाचवण्याचा असतो. पण शेजारच्या खाटेवर तीस वर्षं विडी ओढलेले काका ते ऐकत असतात, आणि त्यांना कळतं की सहानुभूती मिळायला आधी निर्दोष असावं लागतं. वॉर्डात, आधारगटात (रुग्ण एकमेकांशी बोलायला जमतात त्या गटात), व्हॉट्सॲपवर हे वाक्य जपून वापरा. ओढणारा असो वा नसो, उपचार, वेदनाशमन आणि आपुलकी यांवरचा त्याचा हक्क तेवढाच आहे. आमच्या मते या कामाचा पाया हाच आहे. तो मनात पक्का नसेल, तर पुढचे सगळे उपाय वरवरचे होतात.

लाज ओळखायची कशी

रुग्ण ‘मला लाज वाटते’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘कुणाला सांगू नका.’ फोन उचलत नाही. खोकला येईल म्हणून लग्नाला, कीर्तनाला, दुकानाच्या ओट्यावर जायचं टाळतो. आजाराचं नाव बदलतो, ‘छातीत पाणी झालंय’ म्हणतो. फाईल उलटी धरतो. ‘माझ्यावर खर्च करू नका, पोरीच्या लग्नाला ठेवा’ असं पुन्हा पुन्हा म्हणतो. या शेवटच्या वाक्यात पैशाची चिंता खरीच असते, पण ‘मी या खर्चाच्या लायकीचा नाही’ हेही त्यात असतं. दोन्ही वेगळं काढून बोलावं लागतं.

विचारायचं ते एकट्याला, बसून, घाई नसताना. चार माणसांत विचारलं की ‘मी मस्त आहे’ एवढंच उत्तर येतं. प्रश्न असे असावेत :

– हा आजार झाल्यापासून लोकांच्या वागण्यात काही फरक जाणवला का?
– कुणाचं बोलणं मनाला लागलं का?
– आजाराबद्दल कुणाशी मोकळं बोलता येतं? कुणापासून लपवावं लागतं?
– स्वतःला दोष देता का? दिवसातून किती वेळा तो विचार येतो?

त्यानंतर एक आकडा विचारा. ‘गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, मनाला किती त्रास झाला? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे.’ कॅन्सरच्या रुग्णालयांत हे मोजमाप सर्रास वापरतात. उत्तर ४ किंवा त्याहून जास्त आलं तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचार विभागात पाठवावं. दोन प्रश्नांची आणखी एक चाळणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती वेळा झालं? उदास, निराश किती वेळा वाटलं? प्रत्येकाला ० ते ३ गुण : अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा त्याहून जास्त आली तर सविस्तर तपासणी हवी. कॅन्सरमध्ये भूक, झोप, थकवा हे उपचारांनीही बिघडतात, त्यामुळे फक्त त्यांवरून नैराश्य ठरवू नका. रस संपणं, ‘मी ओझं आहे’ वाटणं, अपराधीपणा यांना जास्त वजन द्या.

हा आकडा केमोच्या प्रत्येक फेरीआधी वहीत लिहून ठेवा. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे जास्त कळतं.

पहिले पंधरा दिवस : कुणाला काय सांगायचं

निदान कळलं की घर एकतर सगळ्यांना सांगतं नाहीतर कुणालाच नाही. दोन्हींत रुग्णाच्या हातून सूत्रं जातात. त्यापेक्षा एक कागद घ्या आणि रुग्णाकडूनच तीन गट करून घ्या. पहिल्या गटात सगळं खरं सांगायची माणसं. ती दोन-तीनच असतात. दुसऱ्या गटात आजार आणि उपचार एवढंच सांगायची माणसं : भाऊबंद, साहेब, जवळचे शेजारी. तिसऱ्या गटाला ‘तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत’ इतकंच. कुणाला कुठल्या गटात टाकायचं ते रुग्ण ठरवेल. मुलगा किंवा वहिनी ठरवणार नाही.

मग उत्तरं तयार करा. प्रश्न कधीही, कुठेही येतो, आणि तयारी नसली की रुग्ण एकतर खोटं बोलतो, नाहीतर गप्प बसून रात्रभर जळत राहतो. तीन तऱ्हेची उत्तरं पुरतात.

दार बंद करणारं : ‘उपचार चालू आहेत. कारणांचं डॉक्टर बघतील. तुमचं कसं चाललंय?’

खरं सांगून पुढे जाणारं : ‘हो, ओढायचो. आता सोडलीय. सध्या केमोवर लक्ष आहे.’

समोरच्याला जाणीव करून देणारं : ‘काका, हा प्रश्न मला रोज चार जण विचारतात. त्याने त्रास होतो. तुम्ही माझी चौकशी करा, कारणाची नको.’

ही वाक्यं रुग्णाच्या बोलीत बसवा. वऱ्हाडातल्या आजोबांच्या तोंडी पुणेरी वाक्य टिकणार नाही. आणि ती मोठ्याने म्हणून बघा. घरातल्या एकाने शेजारी व्हायचं, प्रश्न विचारायचा, रुग्णाने उत्तर द्यायचं, पाच-सहा वेळा. पहिल्यांदा आवाज कापतो, डोळे भरतात. थांबा, पाणी द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मनातल्या मनात तयारी केली तर ऐनवेळी शब्द सुचत नाहीत, तोंडाला सवय व्हावी लागते.

भेटायला येणाऱ्यांसाठी दारातच सांगणारं एक माणूस ठरवा : ‘आत गेल्यावर सिगारेटचा विषय काढू नका, स्टेज विचारू नका, मामांच्या गावातलं कुणी कसं गेलं ते सांगू नका.’ हे सांगणं उद्धटपणाचं वाटतं, पण बहुतेक पाहुणे मनातून सुटकेचा श्वास सोडतात, कारण काय बोलायचं हे त्यांनाही कळत नसतं.

अपराधभावावर काम

जे ओढत होते त्यांना ‘तुमची काही चूक नाही’ असं सांगितलं की ते मान डोलावतात आणि विश्वास ठेवत नाहीत. तंबाखूने कॅन्सर होतो हे त्यांना ठाऊक आहे. खोटा दिलासा दिला की ते पुढचं बोलणंच बंद करतात. संबंध आहे हे मान्य करायचं, आणि संबंध असणं म्हणजे शिक्षेला पात्र असणं नव्हे हे त्यांचं त्यांना दिसेल असं काम करायचं. त्यासाठी समुपदेशक वापरतात ती एक पद्धत घरीही जमते. वेळ पाऊण तास, दिवस केमोचा नको, सकाळची वेळ बरी.

आधी मनात येणारं वाक्य जसंच्या तसं लिहा. ‘मी माझ्या हाताने घराचं वाटोळं केलं.’ त्या वाक्यावर किती टक्के विश्वास आहे तो आकडा बाजूला लिहा.

मग त्या सवयीचा इतिहास. कितव्या वर्षी सुरू झाली? पहिली कुणी दिली? तेव्हा आजूबाजूला कोण कोण ओढत होतं? गिरणीत, शेतावर, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ती कशासाठी लागायची : जागं राहायला, भूक मारायला, चार माणसांत बसायला? किती वेळा सोडायचा प्रयत्न केला, किती दिवस टिकला, कशाने मोडला? या शेवटच्या प्रश्नाला वेळ द्या. सोडण्याचे प्रयत्न झालेले असतात, ते कुणीच मोजलेले नसतात. ओढलेल्या धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि त्याचं अवलंबित्व हा वैद्यकशास्त्राच्या यादीतला आजार आहे, इच्छाशक्तीची परीक्षा नव्हे. काळही लक्षात घ्यावा. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या नावातच विल्स हा सिगारेटचा ब्रँड होता. जाहिरातींवर सरसकट बंदी आणणारा कायदा २००३ चा, आणि पाकिटांवर चित्रांचे इशारे २००९ पासून. ज्याने १९७८ मध्ये सोळाव्या वर्षी सुरुवात केली, त्याच्यासमोर यातलं काहीच नव्हतं.

आता एक मोठं वर्तुळ काढा. या आजाराला हातभार लावणाऱ्या गोष्टींची यादी करा : लहानपणी लागलेली सवय, निकोटिनचं अवलंबित्व, कामावरची धूळ, घरातली चूल, शहरातली हवा, आनुवंशिकता, कंपन्यांची जाहिरात, सोडायला मदत न मिळणं, निव्वळ नशीब (तितकीच ओढणाऱ्या बहुतेकांना हा कॅन्सर होत नाही), आणि स्वतःचा निर्णय. प्रत्येकाला वर्तुळात वाटा द्यायचा. स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. हा क्रम महत्त्वाचा आहे. स्वतःपासून सुरुवात केली की शंभरपैकी नव्वद तिथेच जातात आणि इतरांना जागाच उरत नाही. शेवटी उरतो तो वाटा बहुतेकदा शून्य नसतो, शंभरही नसतो. वरच्या वाक्यावरचा विश्वास आता किती टक्के, ते पुन्हा लिहा. नव्वदवरून साठवर आला तरी पुष्कळ झालं.

हे कुठे फसतं? घरचे पेन हातात घेऊन स्वतःच वाटे पाडतात तेव्हा. कुणीतरी ‘बघा, तुमची चूक नव्हतीच’ असा निकाल घाईने देतो तेव्हा. आणि रुग्ण थकलेला, धाप लागलेला असताना करायला घेतलं तर. त्या दिवशी कागद बाजूला ठेवलेला बरा.

दोषाचे विचार तरीही येत राहतात, विशेषतः रात्री. त्यांना हाकलायला गेलं की ते वाढतात. दिवसातली वीस मिनिटं ठरवून द्या, संध्याकाळी पाचची वगैरे, झोपण्याच्या वेळेची नको. इतर वेळी विचार आला की वहीत एक ओळ लिहायची आणि ‘पाचला बघू’ म्हणायचं. पाचला वही उघडायची. निम्म्या ओळी तेव्हा बोचेनाशा झालेल्या असतात.

‘मागच्या जन्मीचं पाप’ म्हणणाऱ्या रुग्णाशी वाद घालू नका. श्रद्धेवर घाव घातला तर त्याचा आधारही जातो. त्याला विचारा, ‘मग आता काय केलं तर मनाला बरं वाटेल?’ कुणी नामस्मरण म्हणेल, कुणी भावाशी मिटवायचं आहे म्हणेल, कुणी नातवाला काहीतरी शिकवायचं म्हणेल. त्यातली एक गोष्ट निवडा, ती या आठवड्यात किती वेळ, कुठल्या वारी, कुणाबरोबर करायची ते ठरवा. पाच मिनिटांची असली तरी चालेल. उत्साह येण्याची वाट पाहू नका. आधी कृती करायची, बरं वाटणं मागून येतं.

ज्यांनी कधीच ओढली नाही त्यांचं दुखणं वेगळं असतं. ‘मग मलाच का?’ हा राग, आणि प्रत्येकाला पुरावा द्यावा लागण्याचा कंटाळा. त्यांच्या बाबतीत रागाला जागा द्या. ‘सकारात्मक राहा’ म्हणून तो दाबू नका.

घरात

सगळ्यात खोल घाव घरातलाच असतो. ‘तेव्हा सांगत होते, ऐकलं नाहीत!’ बायकोच्या या वाक्यामागे वर्षानुवर्षांची धास्ती असते आणि तिचा राग खोटा नसतो. त्याला वेगळी जागा लागते. तिच्यासाठी समुपदेशकाची स्वतंत्र वेळ घ्या, किंवा बहिणीपाशी, मैत्रिणीपाशी तिला बोलू द्या. नवऱ्यासमोर बोलायचंच झालं तर असं : ‘अहो, मला राग येतो, कारण तुम्हाला गमवायची भीती वाटते.’

निदान रुग्णापासून लपवणं आपल्याकडे अजून सर्रास चालतं. मुलं डॉक्टरांना बाहेर गाठून ‘बाबांना सांगू नका’ म्हणतात. पण बाबा केमोच्या वॉर्डात बसलेले असतात आणि आजूबाजूची केस गेलेली डोकी बघत असतात. लपवल्याने त्यांना एवढंच कळतं की आपला आजार तोंडातून काढण्यासारखाही नाही. थेट सगळं सांगून टाका असं नाही. आधी विचारा, ‘बाबा, तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतंय? किती जाणून घ्यायचंय?’ ते विचारतील तेवढं खरं सांगायचं. लहान मुलांनाही साध्या शब्दांत आजाराचं नाव सांगा, हा पसरत नाही हे सांगा आणि तुझ्यामुळे झालेला नाही हेही सांगा. मुलं तसं समजतात.

दवाखान्यात

डॉक्टर धूम्रपानाबद्दल विचारतात तेव्हा खरं सांगा. औषधांवर त्याचा परिणाम होतो. उदाहरणार्थ, ईजीएफआरच्या बदलावर दिल्या जाणाऱ्या एर्लोटिनिब या गोळीचं रक्तातलं प्रमाण धूम्रपानाने घटतं. जाताना आकडे लिहून न्या : कितव्या वर्षी सुरुवात, दिवसाला किती, विडी की सिगारेट, कधी सोडली. रोज वीसचं एक पाकीट एक वर्ष ओढलं की ते एक ‘पॅक-इयर’. दहा वर्षं रोज दोन पाकिटं म्हणजे वीस. आकडा देऊन मोकळं झालं की चौकशी लांबत नाही.

डॉक्टरांचं किंवा सिस्टरचं बोलणं लागलं, तर पुढच्या भेटीत पहिल्याच मिनिटाला शांतपणे सांगा : ‘डॉक्टर, गेल्या वेळी जे बोलणं झालं त्याने मी स्वतःला खूप दोष देतोय. मला उपचारांबद्दल बोलायचंय.’ रुग्णाला जमत नसेल तर सोबतच्याने सांगावं. डॉक्टर, परिचारिका वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक वाक्य : ‘हा प्रश्न मी प्रत्येक रुग्णाला विचारतो, औषध ठरवायला लागतो म्हणून.’ प्रश्नाच्या आधी हे म्हटलं की त्याची धार जाते.

मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत मानसोपचार विभाग आणि वैद्यकीय समाजसेवक असतात. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात ही सोय आहे. पण तिथे कुणी आपणहून पाठवेल याची वाट पाहू नका. ‘आम्हाला समुपदेशकाकडे पाठवणारी चिठ्ठी हवी’ असं स्पष्ट मागा. ‘मी वेडा आहे का?’ हा प्रश्न येईलच. त्यावर सांगा की दुखण्याला जसं वेदनाशामक तसं मनाला हे.

अजूनही ओढत असतील तर

निदानानंतरही चोरून विडी ओढणारे बरेच असतात, आणि घरचे त्यांचे खिसे हुंगतात. त्याने लपवाछपवी वाढते, विडी सुटत नाही. सोडल्याचा फायदा निदानानंतरही होतो. मॉस्कोतल्या ५१७ रुग्णांवरचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यांतल्या ज्यांनी निदानानंतर सोडली, त्यांचं सरासरी आयुर्मान चालू ठेवणाऱ्यांपेक्षा सुमारे २२ महिन्यांनी जास्त निघालं. हे भीती घालायला वापरू नका, ‘अजून हातात काहीतरी आहे’ हे दाखवायला वापरा.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. निकोटिनचं गम वापरायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि नीट : चव तिखट लागेपर्यंत सावकाश चावायचं, मग गालात धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, असं सुमारे अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, निकोटिन शोषलं जात नाही. साध्या च्युइंगगमसारखं भराभर चघळलं की उचकी आणि मळमळ होते, आणि लोक ‘हे आपल्याला झेपत नाही’ म्हणून टाकून देतात. तंबाखू सोडायला दिली जाणारी बुप्रोपिऑन ही गोळी मेंदूत गाठी असलेल्यांना झटक्याचा धोका वाढवते, म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. मध्ये एखादी ओढली गेली तर ओरडू नका. ती कुठल्या वेळी, कशामुळे, एवढंच टिपा.

मनाचं वाटतं, पण शरीराचं असतं

केमोबरोबर दिलेल्या डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, आणि ते थांबल्यावर माणूस एकदम खचतो. इम्युनोथेरपीने (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांनी) थायरॉइड मंदावलं तर नैराश्यासारखंच दिसतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ‘स्मॉल सेल’ या प्रकारात रक्तातलं सोडियम उतरून गोंधळल्यासारखं होतं. मेंदूत गाठ गेली तर स्वभावच बदलतो. म्हणून वागण्यात अचानक फरक पडला तर ‘टेन्शन घेतलंय’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. नैराश्याच्या गोळ्या सुरू करताना कॅन्सरच्या सगळ्या औषधांची यादी दाखवा. ओसिमर्टिनिब (ईजीएफआरवरची गोळी) आणि एस्सिटॅलोप्राम (नैराश्याची गोळी) या दोन्हींचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, अशा वेळी ईसीजी काढून ठरवावं लागतं. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठवड्यात बंद करू नका.

धाप आणि घबराट एकमेकांना वाढवतात, आणि लोकांत धाप लागण्याची लाज त्यात भर घालते. बॅटरीवरचा छोटा हातपंखा खिशात ठेवा. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून नाक आणि वरच्या ओठावर वारा घ्यायचा. टेबलावर उशी ठेवून पुढे झुकून बसायचं, नाकाने दोन अंकांपर्यंत श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार अंकांपर्यंत सोडायचा. धाप नसताना रोज सराव केला तरच धापेत आठवतं. ओठ निळे पडले, धाप एकदम वाढली, छातीत जोराने दुखलं किंवा खोकल्यातून जास्त रक्त आलं, तर हे उपाय करत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.

धोक्याची खूण

कॅन्सरच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचा धोका फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये जास्त असतो, आणि निदानानंतरचे पहिले काही आठवडे-महिने सगळ्यात नाजूक. ‘संपलं एकदाचं तर बरं’ असं कानावर आलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का? कसा, कधी, असं काही ठरवलंय का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर होकाराचं असेल तर एकटं सोडू नका. कीटकनाशकं घराबाहेर काढा, मॉर्फिन आणि झोपेच्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा आणि त्या वेळच्या वेळी त्यानेच द्याव्यात. त्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पॅलिएटिव्ह केअर लवकर

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना, धाप, मनाचा त्रास हलका करणारी सेवा. पण हा शब्द ऐकला की लोकांना ‘हात टेकले’ असं वाटतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला २०१० चा अभ्यास नेमका पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचा होता, १५१ रुग्णांचा. निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा मिळालेल्यांत नैराश्य कमी होतं आणि ते सरासरी ११.६ महिने जगले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेले ८.९ महिने. तेव्हा केमो चालू असतानाच ही सेवा मागा. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, ते रुग्णाबरोबर घरच्यांचीही काळजी घेतं.

आधारगटात जायचं तर आधी गट चालवणाऱ्याला विचारा, फुफ्फुसाचे किती रुग्ण येतात. स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांच्या गटात एकटाच फुफ्फुसाचा रुग्ण असेल, तर तो अधिक एकटा पडतो. दोन-तीन रुग्णांचा छोटा गट, फोनवरचा का असेना, जास्त उपयोगी पडतो.

रुग्ण गेल्यानंतर तोच प्रश्न घरच्यांकडे येतो, अगदी दहाव्याच्या घाटावरही. वरची दार बंद करणारी वाक्यं तेव्हा घरच्यांनीही वापरावीत. बायको-मुलांना ‘आपण जोर करून सोडवायला हवी होती’ ही टोचणी महिनोन्‌महिने राहते. वर्तुळाचा तोच कागद त्यांच्यासाठीही काढता येतो, आणि टेली-मानसवर त्यांनाही बोलता येतं. सहा महिन्यांनंतरही झोप, जेवण, कामधंदा मार्गी लागला नसेल तर त्यांना मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. रुग्णावर उपचार करणाऱ्या रुग्णालयाच्या समाजसेवकालाही फोन करता येतो. रुग्ण आता नाही, म्हणून संकोच करू नका.